बडोद्यात कुत्रा सांभाळण्याच्या कामासाठी खात्रीच्या शिफारशी कशा मिळवाव्यात

परगावी जाताना कुत्र्याला कोणाच्या भरवशावर सोडायचे, हा प्रश्न बडोद्यात आता केवळ अलकापुरीतल्या बंगल्यांपुरता राहिलेला नाही. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील जुनी मराठी कुटुंबे, मांजलपूर-कारेलीबागेतील निवृत्त दांपत्ये आणि वासणा-भायली रस्त्याकडच्या नव्या इमारतींतील नोकरदार जोडपी, अशा सर्वांपुढे तो उभा राहतो. मुले अमेरिकेत किंवा कॅनडात, आईवडील वर्षातून काही महिने त्यांच्याकडे आणि घरी मागे उरलेला एखादा वयस्क लॅब्रॅडॉर, अशी घरे येथे पुष्कळ आहेत. शिवाय पुण्या-मुंबईची लग्ने, मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळीचा प्रवास आहेच. काम आहे, परंतु नवख्याला ते सहजी मिळत नाही. या कामासाठी कोणी पदवी किंवा प्रमाणपत्र मागत नाही आणि म्हणूनच मालकाकडे माणूस पारखण्याचा एकच उपाय उरतो, तो म्हणजे यापूर्वी ज्यांच्याकडे काम केले त्यांचा नंबर मागून घेणे आणि त्यांच्याशी बोलणे.

ही शिफारस कशी कमवावी, कशी मागावी आणि कशी वापरावी, याचा क्रम पुढे दिला आहे. बहुतेक नवखे लोक शिफारस ही काम संपल्यावर मागायची गोष्ट समजतात. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग काम सुरू होण्यापूर्वीच्या भेटीत आणि कामाच्या दिवसांतल्या नोंदींत तयार होत असतो. शेवटी मागायची असतात ती केवळ चार वाक्ये.

आधी हे समजून घ्या: फोनवर नेमके काय विचारले जाते

नवा मालक तुमच्या जुन्या मालकाला फोन करतो, तेव्हा त्याला तुमची स्तुती ऐकायची नसते. 'मुलगी फार चांगली आहे, अगदी घरच्यासारखी' हे वाक्य त्याने मोलकरणीबद्दल, शिकवणीच्या बाईंबद्दल आणि भाडेकरूबद्दलही ऐकलेले असते आणि ते अनेकदा भिडेखातर उच्चारले जाते, हेही त्याला ठाऊक असते. त्याला जुन्या मालकाला तीन गोष्टी विचारायच्या असतात. तुमच्या गैरहजेरीत कुत्रा नीट खात-पीत होता का? घर जसे सोडून गेलात तसेच परत मिळाले का? आणि काही बिघडले असेल, तर ते तुम्हाला केव्हा कळले आणि कोणाकडून?

यातला तिसरा प्रश्न सर्वांत वजनदार आहे. दहा दिवस सगळे सुरळीत झाले, हे चांगल्या कामाचे लक्षण असू शकते किंवा नशिबाचेही. परंतु 'तिसऱ्या दिवशी कुत्र्याला उलट्या झाल्या, अर्ध्या तासात आम्हाला फोन आला, डॉक्टरांकडे नेले, पावती ठेवली' असे सांगणारा एक मालक, सुरळीत कामाची ग्वाही देणाऱ्या तिघांच्या बरोबरीचा असतो. शिफारशीच्या दृष्टीने तुमचे सगळे काम या तीन प्रश्नांची उत्तरे जुन्या मालकाच्या तोंडी आपोआप यावीत, अशा रीतीने झाले पाहिजे.

पहिली पायरी: अनुभव नसताना पहिल्या शिफारशी

पहिला मालक मिळण्यापूर्वी दोन प्रकारच्या शिफारशी जमवता येतात. एक तुमच्या सचोटीची आणि दुसरी कुत्र्यांशी असलेल्या तुमच्या वागणुकीची. दोन्ही एकाच माणसाकडून मागण्याचा मोह टाळावा, कारण महाविद्यालयातील प्राध्यापक तुमच्या वक्तशीरपणाबद्दल अधिकाराने बोलू शकतात, परंतु कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा तुम्हाला नीट बांधता येतो की नाही, हे त्यांना माहीत नसते.

सचोटीसाठी ज्यांनी तुमच्याकडे कधी किल्ली, पैसे किंवा लहान मूल सोपवले आहे, अशी व्यक्ती शोधावी. सोसायटीच्या सचिवांकडे तुम्ही हिशेब लिहिला असेल किंवा गणेशोत्सवात मंडळाची वर्गणी तुमच्या हातून जमा झाली असेल, तर ते सांगणारा पदाधिकारी चालतो. पोलिसांकडून मिळणारे पडताळणी प्रमाणपत्रही काढून ठेवावे; ते शिफारशीची जागा घेत नाही, पण रिकाम्या घराची किल्ली देताना मालकाच्या मनातली एक शंका कमी करते.

कुत्र्यांबाबतच्या शिफारशीसाठी शेजारच्या कुत्र्याला महिनाभर सकाळी फिरवून आणण्यापासून सुरुवात करणे सर्वांत सोपे. हे काम फुकट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फुकट केलेल्या कामाची शिफारस ही उपकाराची परतफेड ठरते आणि फोनवरच्या आवाजात ती ओळखू येते. मोबदला थोडा घ्या, पण घ्या, आणि वेळ ठरवून घ्या. शहरातील प्राणीकल्याण संस्थांमध्ये स्वयंसेवक म्हणून काम केल्यास तेथील जबाबदार व्यक्तीही तुमच्याबद्दल लिहू शकते. गुजरातेत दरवर्षी १० ते २० जानेवारी या काळात चालणाऱ्या करुणा अभियानात मांज्याने जखमी झालेल्या पक्ष्यांसाठी स्वयंसेवक लागतात. तेथील अनुभव तुमच्या स्वभावाबद्दल बरेच सांगतो, मात्र तो पक्ष्यांचा अनुभव आहे, हे मालकाला आपणहून स्पष्ट सांगावे.

नातेवाइकांच्या शिफारशीबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. बडोद्यातील मराठी वर्तुळ इतके आटोपशीर आहे की, कोण कोणाची आत्या आणि कोण कोणाचा मावसभाऊ, हे दुसऱ्या फोनपर्यंत उघड होतेच. मावशीचा कुत्रा तुम्ही खरोखर सांभाळला असेल, तर तिचे नाव जरूर द्या, पण ती मावशी आहे हे आधीच सांगा. नाते लपवलेले कळले, की त्यानंतरच्या परक्या माणसाच्या शिफारशीवरही विश्वास बसत नाही.

पशुवैद्यकांकडे मात्र थेट शिफारस मागायला जाऊ नये. त्यांनी जे पाहिले तेवढेच ते सांगू शकतात. तुम्ही कुत्र्याला वेळेवर घेऊन आलात, त्याला टेबलावर शांतपणे धरून ठेवलेत, औषधाचा डोस लिहून घेतलात, एवढे त्यांच्या नजरेस आले, तर 'कोणी सांभाळणारे माहीत आहे का' असे विचारणाऱ्याला ते आपणहून तुमचे नाव सुचवतात. अशी तोंडी शिफारस कागदी पत्रापेक्षा जास्त कामे मिळवून देते.

दुसरी पायरी: काम घेण्यापूर्वीची भेट

मालक घरी असताना किमान दोनदा भेट द्यावी, त्यातील एक भेट कुत्र्याच्या जेवणाच्या वेळी असावी. पहिल्या भेटीत कुत्र्याकडे झेपावू नये, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये आणि डोक्यावरून हात फिरवण्याची घाई करू नये. बाजूला बसून मालकाशी बोलत राहावे आणि त्याला तुमचा वास घेऊ द्यावा. तुम्ही हे कसे करता, ते मालक पाहत असतो, आणि पुढे फोनवर 'पहिल्या दिवशीच आमच्या लक्षात आले' असे जे वाक्य येते, ते येथूनच.

भेटीत एक माहितीपत्रक मालकासमोर बसून भरावे. त्यात कुत्र्याचे वय व वजन, जेवणाच्या वेळा आणि मोजमाप, चालू औषधे, लसीकरण पुस्तिकेतील रेबीज व इतर लसींच्या शेवटच्या तारखा, गोचीड-पिसवांवरील औषधाची तारीख, नेहमीचे डॉक्टर आणि ते नसल्यास कोणाकडे न्यायचे, हे सर्व यावे. कुत्रा कधी कोणाला चावला आहे का, हा प्रश्न संकोच न करता विचारावा. उपचारांसाठी मालकाला न विचारता किती रकमेपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे, ते आकड्यात लिहून घ्यावे आणि त्याखाली सही घ्यावी. विमानात बसलेल्या मालकाशी आठ-दहा तास संपर्क होत नाही, तेव्हा हा एक आकडा फार उपयोगी पडतो.

खाण्याबद्दल मालकच कधी कधी बेफिकीर असतात. कांदा आणि लसूण, मग ते भाजीत शिजवलेले असले तरी, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपाय करतात. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे मूत्रपिंडे निकामी करू शकतात. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे च्युइंगगम हेही विषारी आहेत. म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा बेदाण्यांसकट कुत्र्याच्या ताटलीत वाढू नये, हे प्रेमळ आजींना अदबीने सांगण्याची वेळ तुमच्यावर येणार. ते कसे सांगता, यावरही तुमची पारख होते. 'आजी, त्याला प्रसाद द्यायचाच असेल तर बेदाणे काढून चिमूटभर देऊ या' असे म्हटले, तर आजी दुखावत नाहीत आणि कुत्राही सुरक्षित राहतो.

सोसायटीचे रीतिरिवाजही याच भेटीत विचारून घ्यावेत. बडोद्यात अनेक इमारतींत शेजारी कडक शाकाहारी असतात, आणि कुत्र्यासाठी अंडी किंवा कोंबडी उकडायची असेल, तर ते कोणत्या वेळी, कोणती खिडकी बंद ठेवून आणि टरफले कोठे टाकून करायचे, याची मालकाने शेजाऱ्यांशी आधीच काही समजूत केलेली असते. ती तुम्हाला माहीत नसेल तर दुसऱ्याच दिवशी तक्रार होते. लिफ्टचेही तसेच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाळीव कुत्र्याला लिफ्टची सरसकट बंदी करता येत नाही, हे खरे; परंतु तो वाद घालण्याचे काम तुमचे नाही. तुम्ही दहा दिवसांनी निघून जाल, मालकाला त्याच शेजाऱ्यांबरोबर राहायचे आहे. शेजारीण मालकिणीला 'तुमचा माणूस नीट वागला' असे आपणहून सांगते, तेव्हा ती तुमच्या शिफारशीला मिळालेली जोड असते.

निघताना मालकाला सांगून ठेवावे: 'काम संपल्यावर मी तुमच्याकडे लेखी अभिप्राय मागणार आहे आणि पुढे एखाद्या मालकाला तुमच्याशी बोलायचे असेल, तर परवानगी विचारणार आहे.' हे आधी सांगितल्याने दोन गोष्टी साधतात. मालक कामाकडे थोड्या बारकाईने पाहतो आणि शेवटी मागताना तुम्हाला अवघडल्यासारखे होत नाही.

तिसरी पायरी: कामाच्या दिवसांतील नोंदी

रोज ठरलेल्या वेळी एक लेखी निरोप पाठवावा. मालक परदेशात असेल तर वेळ विचारपूर्वक ठरवावी. बडोद्यात सकाळचे ७ वाजतात, तेव्हा न्यू जर्सी किंवा टोरांटो येथे उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे ९.३० आणि हिवाळ्यात ८.३० झालेले असतात. म्हणजे सकाळी फिरवून आल्याबरोबर पाठवलेला निरोप मालक झोपण्यापूर्वी वाचू शकतो. निरोप पुढीलप्रमाणे असावा:

'नमस्कार काका. सकाळी ६.१५ ते ६.४५ फिरवले. शी एकदा, नेहमीसारखी. परतल्यावर खाणे दिले, अर्धे ठेवले होते, नंतर संपवले. सांधेदुखीची गोळी दही-भाताच्या घासातून दिली, गिळल्याची खात्री केली; पाकिटात ११ उरल्या. उजव्या कानामागे एक गोचीड सापडली, चिमट्याने काढली, जागा लाल नाही. मागचे दार आणि गॅस तपासला.'

या निरोपात 'मस्त मजेत आहे' हे शब्द नाहीत, तरीही कुत्रा मजेत आहे हे वाचणाऱ्याला कळते. गोळ्यांची उरलेली संख्या लिहिल्यामुळे विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही, कारण मालक परत आल्यावर मोजू शकतो. गोचीड सापडल्याचे लपवले नाही, हेही त्यात आले. असे निरोप सलग मिळालेला मालक पुढे फोनवर बोलताना तपशील सांगू लागतो, कारण ते तपशील तुम्हीच त्याच्या हाती दिलेले असतात.

छायाचित्र एखादेच पाठवावे. त्यात कुत्रा, पाण्याचे भांडे आणि शक्य तर रिकामी ताटली दिसावी. मालक परत येईपर्यंत त्यातले एकही छायाचित्र आपल्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकू नये. 'पंधरा दिवस या लाडक्याबरोबर' अशी ओळ लिहिणे म्हणजे अमुक घर पंधरा दिवस बंद आहे, हे गावभर सांगणे होय. ही एक चूक पुढची सगळी शिफारस पुसून टाकू शकते.

ऋतुमान आणि सणवार यांचा विचार बडोद्यात विशेष करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते. फिरवणे सूर्य वर येण्यापूर्वी आणि रात्री रस्ता निवल्यानंतरच करावे, आणि शंका असल्यास हाताचा मागचा भाग डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावा. हाताला सोसत नसेल, तर पंजालाही सोसणार नाही. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, हे लक्षात ठेवावे, म्हणजे माणसाच्या मापाने उगाच घाबरायला होणार नाही. जोरात धापा टाकणे, लाळ गळणे, पाय लटपटणे ही उष्माघाताची चिन्हे दिसली, तर सावलीत आणून साधे गार पाणी अंगावर घालावे, पंखा लावावा आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन करावा.

पावसाळ्यात विश्वामित्रीचा काठ पूर्णपणे टाळावा. शहराच्या मधून वाहणाऱ्या या नदीत मगरी आहेत, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांमध्येही आल्या होत्या. नदीला मिळणाऱ्या नाल्यांच्या कडेनेही कुत्र्याला मोकळे सोडू नये. बाहेरगावच्या मालकाला ही गोष्ट अतिशयोक्तीची वाटेल, बडोदेकराला नाही.

उत्तरायणाचे १४ आणि १५ जानेवारी हे दोन दिवस कुत्र्यासाठी कठीण असतात. गच्चीवर आरडाओरडा, लाउडस्पीकर, संध्याकाळी फटाके, आणि रस्त्यावर व जिन्यात पडलेला मांजा. या दिवसांत कुत्र्याला गच्चीवर नेऊ नये, फिरवून आल्यावर चारही पंजे तपासावेत आणि गुंतलेला मांजा ओढून न काढता कात्रीने कापावा. नवरात्रातील गरब्याच्या रात्री, दांडिया बाजारातील विसर्जनाचे ढोल-ताशे आणि दिवाळी यांसाठी घरातली आतली खोली आधीच तयार ठेवावी. अनोळखी कुत्र्याबरोबरचे पहिलेच काम दिवाळीत घेऊ नये. मागणी तेव्हा सर्वाधिक असते आणि पैसेही बरे मिळतात, परंतु फटाक्यांना घाबरून दारातून निसटलेला कुत्रा हा नवख्या माणसाच्या कारकिर्दीचा शेवट ठरू शकतो.

चौथी पायरी: काही बिघडले तर

येथे थोडे अधिक थांबणे भाग आहे, कारण सर्वांत मोलाची शिफारस येथेच मिळते किंवा कायमची जाते. कुत्र्याने खाणे सोडले, लंगडू लागला, सोफ्याचे कापड फाडले, तुमच्या हातून चहाचा कप फुटला, यांपैकी काहीही झाले, तरी मालकाला त्याच तासात कळवावे. सुट्टीचा विरस होईल म्हणून थांबणे हा चुकीचा मोठेपणा आहे. निरोपात चार गोष्टी असाव्यात: काय झाले, किती वाजता लक्षात आले, तुम्ही काय केले आणि आता काय करणार आहात. 'काळजी करू नका' हे वाक्य सर्वांत शेवटी लिहावे, तेही खरे असेल तरच.

नवीन माणसाबरोबर राहताना पहिल्या दिवशी कुत्रा कमी खातो, हे बऱ्याचदा घडते आणि त्यात घाबरण्यासारखे नसते. मात्र पाणीही पीत नसेल, वारंवार उलट्या होत असतील, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा पोट फुगून तो अस्वस्थपणे फेऱ्या मारत असेल, तर वाट पाहू नये. गुजरातेत १९६२ हा प्राण्यांच्या तातडीच्या मदतीचा क्रमांक आहे. तो मोबाइलमध्ये असावा, पण पाळीव कुत्र्यासाठी नेहमीच्या डॉक्टरांकडे नेण्याची सोय तुम्ही आधीच करून ठेवलेली असली पाहिजे. रात्री अकरा वाजता मोठ्या कुत्र्याला रिक्षात कोण घेईल, हा प्रश्न रात्री अकरा वाजता सोडवायचा नसतो.

कुत्रा कोणाला चावला किंवा तुम्हालाच दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे, कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरीही. मालकाला कळवताना दोष कोणाचा, याची चर्चा त्या क्षणी करू नये.

प्रसंग निवळल्यावर पानभर टिपण लिहून ठेवावे: तारीख, वेळा, डॉक्टरांनी सांगितलेले, खर्च, पावत्या. मालक परतल्यावर ते टिपण त्याच्या हाती द्यावे. पुढे शिफारस मागताना तुम्ही याच प्रसंगाबद्दल लिहिण्याची विनंती करू शकता, आणि लोक ती आनंदाने मान्य करतात, कारण त्या दिवशी त्यांना तुमचा खरा आधार वाटलेला असतो.

पाचवी पायरी: केव्हा आणि कसे मागावे

मालक स्टेशनवरून बॅगा घेऊन घरात शिरतो, तो क्षण शिफारस मागण्याचा नसतो. त्या दिवशी फक्त हवाली करण्याचे काम करावे: किल्ल्या मोजून परत द्याव्यात, उरलेले खाणे आणि गोळ्या दाखवाव्यात, खर्चाचा हिशेब पावत्यांसह द्यावा. तीन-चार दिवसांनी, कुत्र्याची दिनचर्या पूर्ववत झाली आहे आणि घरात काही खटकण्यासारखे आढळले नाही, हे मालकाला कळून चुकल्यावर विनंती करावी. महिना उलटू दिला, तर आठवणी फिक्या होतात आणि पुन्हा 'फार छान, घरच्यासारखी' याच वाक्यावर गाडी येते.

नुसते 'रेफरन्स द्या' म्हणू नये, प्रश्न विचारावेत. मी किती दिवस होतो आणि कुत्रा कसा आहे, वयाने, स्वभावाने? सांभाळायला अवघड असे काय होते? तुम्हाला माहिती कशी आणि किती वेळा मिळत होती? पुन्हा किल्ली द्याल का? या चार प्रश्नांना प्रत्येकी एक-दोन वाक्यांत उत्तर दिले, तरी उत्तम शिफारसपत्र तयार होते.

येथे आपल्याकडची एक सवय आडवी येते. अर्धे लोक म्हणतील, 'अगं, तूच लिहून आण, मी सही करते.' त्यांचा हेतू चांगला असतो आणि त्यांना खरोखरच वेळ नसतो, पण तसे करू नये. तुम्ही लिहिलेल्या पत्रातील शब्द सही करणाऱ्याच्या तोंडी बसत नाहीत. नवा मालक फोन करतो, तेव्हा पत्र एक सांगते आणि माणूस दुसरेच बोलतो. त्याऐवजी वरच्या बाजूला तारखा, कुत्र्याचे नाव आणि कामाचे स्वरूप एवढेच टंकलिखित करून द्यावे आणि खालची जागा त्यांच्या हस्ताक्षरासाठी मोकळी सोडावी. तेही जमत नसेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेला दोन मिनिटांचा संदेश चालेल. गुजराती मालकांना गुजरातीतच लिहू द्यावे. बडोद्यात ते वाचता न येणारा मालक क्वचितच भेटेल आणि मनापासून लिहिलेले वाक्य ज्या भाषेत सुचते, त्या भाषेतच ठेवलेले बरे.

उपयोगी शिफारस साधारण अशी दिसते:

'आमचा कुत्रा अकरा वर्षांचा असून त्याला दिवसातून दोनदा औषध द्यावे लागते आणि तो अनोळखी पुरुषांवर भुंकतो. हे आमच्याकडे तीन आठवडे राहिले. पहिले दोन दिवस कुत्र्याने सकाळचे खाणे घेतले नाही, ते त्यांनी आम्हाला त्याच दिवशी कळवले आणि डॉक्टरांशी बोलून वेळ बदलली. परत आल्यावर औषधाचा हिशेब बरोबर होता. स्वयंपाकघर आम्ही सोडले त्यापेक्षा थोडे अस्ताव्यस्त होते, पण कुत्र्याच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. पुढच्या वेळी आम्ही त्यांनाच बोलावू.'

स्वयंपाकघराबद्दलचे वाक्य वगळण्याची विनंती करण्याचा मोह होईल. करू नका. त्या एका वाक्यामुळे बाकीची सगळी खरी वाटतात.

शिफारशीच्या बदल्यात पुढच्या कामात सूट देऊ करू नये, आणि ज्यांचा कुत्रा सांभाळलेला नाही अशा मित्रांकडून गूगलवर पाच तारे लिहून घेऊ नयेत. एकाच आठवड्यात आलेले सात कौतुकाचे अभिप्राय कोणीही ओळखतो.

सहावी पायरी: नंबर देताना पाळायचा शिष्टाचार

कोणाचाही नंबर त्याची परवानगी घेतल्याशिवाय पुढे देऊ नये, आणि एकदा दिलेली परवानगी कायमची समजू नये. प्रत्येक वेळी आधी निरोप पाठवावा: अमुक भागातील एक कुटुंब आहे, त्यांच्याकडे अमुक प्रकारचा कुत्रा आहे, ते उद्या संध्याकाळी फोन करू इच्छितात, चालेल का? ज्येष्ठांच्या बाबतीत दुपारी एक ते चार ही वेळ वगळण्यास नव्या मालकाला आवर्जून सांगावे. वामकुक्षीतून उठवलेले आजोबा कितीही भले असले, तरी त्या क्षणी उत्साहाने कोणाची शिफारस करत नाहीत. त्याच एका माणसाला महिन्यातून चारदा त्रास होऊ नये म्हणून तीन-चार मालकांची नावे आळीपाळीने द्यावीत. ज्यांचा कुत्रा मधल्या काळात गेला आहे, त्यांचे नाव तर त्यांच्याशी स्वतः बोलल्याशिवाय देऊच नये.

नावे निवडताना नव्या मालकाची गरज पाहावी. त्याच्याकडे औषधे चालू असलेला म्हातारा कुत्रा असेल, तर चपळ पिल्लाच्या मालकाची शिफारस त्याच्या फारशी कामाची नाही. म्हणून हळूहळू एक पिल्लाची, एक वृद्ध किंवा आजारी कुत्र्याची, एक लांब मुक्कामाची आणि एक अडचणीच्या प्रसंगाची, अशी विविधता जमवावी. दोन वर्षांपूर्वीचे पत्र एकटे दाखवले, तर मधल्या काळात काय झाले, अशी शंका येते. त्याच मालकाकडे पुन्हा काम केले असेल, तर खाली नवी तारीख आणि एक ओळ लिहून घ्यावी. एकाच घराने दुसऱ्यांदा बोलावले, ही गोष्ट कोणत्याही विशेषणापेक्षा जास्त बोलकी असते.

एखादा मालक नाराज झाला असेल, तर त्याचे नाव देऊ नये, पण ते काम झालेच नाही असेही भासवू नये. नव्या मालकाने विचारले, तर काय बिनसले ते दोन वाक्यांत, जुन्या मालकाला नावे न ठेवता सांगावे. आणि नव्या मालकाला हवी तशी शिफारस तुमच्याकडे नसेल, उदाहरणार्थ चावऱ्या कुत्र्याची किंवा इन्सुलिनचे इंजेक्शन देण्याची, तर तसे स्पष्ट सांगून त्या कामाचा अनुभव असलेल्या दुसऱ्या व्यक्तीचे नाव सुचवावे. फोन झाल्यानंतर शिफारस देणाऱ्याला काम मिळाले की नाही, हे त्याच आठवड्यात कळवावे.